हमी साडेपाच टक्क्यांची, व्याज अर्ध्या टक्क्याचे

आयुर्विमा कंपनी हप्ते आज घेते आणि पैसे वीस-तीस वर्षांनी देते. मधल्या काळात त्या पैशावर किती व्याज सुटेल, हे ती आधीच गृहीत धरते. हप्त्याची रक्कम बरीचशी त्यावरच ठरते. हा अंदाज साफ चुकला तर काय होते, ते जपानमध्ये दिसले. १९८०च्या दशकात तिथल्या कंपन्यांनी दीर्घ मुदतीच्या पॉलिसींवर साडेपाच टक्क्यांच्या आसपास परताव्याची हमी दिली होती. १९९० नंतर शेअर कोसळले, मागोमाग जमिनींचे भावही. १९९५मध्ये बँक ऑफ जपानने आपला दर अर्ध्या टक्क्यावर आणला. नव्या गुंतवणुकीची मिळकत नाममात्र, जुनी हमी मात्र कायम. फरक दरवर्षी पदरचा भरायचा. धास्तावलेले ग्राहक पॉलिसी मोडू लागले, तशी अडचण वाढली. एप्रिल १९९७मध्ये निस्सान म्युच्युअल लाइफ बुडाली आणि २००१पर्यंत एकूण सात कंपन्या गेल्या. मंदीत नवा धंदा आटतो, महागाईत विम्याच्या रकमेचे मोल घटते, हे खरेच; पण या धंद्याला खरा घोर व्याजदराचा. झळ ग्राहकांनाही बसली: निस्सानच्या जुन्या पॉलिसींवरचा हमीदर २.७५ टक्क्यांवर आणला गेला.