रिकामा वाद्यवृंद आणि जात्याची घरघर

शनिवारची संध्याकाळ. परभणीतल्या एका वसाहतीचे छोटे सभागृह. भिंतीवर टीव्ही, खाली दोन स्पीकर, टेबलावर मिक्सर आणि त्याला जोडलेला मोबाईल. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पंचवीसेक माणसे. निवृत्त शिक्षक आहेत, औषध दुकानदार आहेत, एक-दोन वकील आहेत आणि आठ-दहा बायका. बहुतेकांचे वय पंचेचाळीस ते सत्तर. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर गाण्याचे नाव आणि त्यापुढे एक आकडा: उणे दोन, उणे तीन. मूळ गाणे किती स्वर खाली उतरवायचे, त्याची ती नोंद. मुख्यतः रफी, लता, किशोर, मुकेश. यंत्र सांभाळणारा मुलगा विशीतला. त्याला यातली निम्मी गाणी इथेच येऊन कळलेली.

अशी मंडळे आता महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या गावी दिसतात. 'टाइमपास' म्हणून त्यांची संभावना करणे सोपे आहे, आणि बेसूर गाणी निमूटपणे ऐकण्याचे प्रसंग आल्याने मीही ती केलेली आहे. पण पन्नाशी ओलांडलेली, शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर कधी माइक हातात न घेतलेली माणसे दर आठवड्याला उठून गायला का येतात, आणि त्यांना गाता यावे म्हणून नेमके काय घडले, हे पाहण्याजोगे आहे.

त्यासाठी आधी जपानला जावे लागते. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे 'ओकेसुतोरा'चे, म्हणजे ऑर्केस्ट्राचे लघुरूप. रिकामा वाद्यवृंद. पहिले यंत्र कोणाचे यावर वाद आहे. टोकियोच्या शिगेइची नेगिशी यांनी 1967 मध्ये तसे यंत्र बनवले होते, पण नाव झाले ते कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए यांचे. ते रात्रीच्या बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करत. एका छोट्या कंपनीच्या मालकाला सहलीत त्यांची साथ हवी होती, इनोउए यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी साथ टेपवर भरून दिली. तिथून कल्पना सुचली. 1971 मध्ये त्यांनी अकरा यंत्रे करून घेतली आणि बारना भाड्याने दिली. नाणे टाकायचे, काही मिनिटे गायचे. पेटंट मात्र घेतले नाही. 2004 मध्ये त्यांना मिळाला तो 'इग नोबेल', विनोदी नोबेल, आणि तोही शांततेचा: माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल!

या कथेतला एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. इनोउए यांनी टेपवरची साथ मूळ गायकाच्या पट्टीत भरली नाही. हौशी माणसाच्या गळ्याला झेपेल अशा पट्टीत भरली. परभणीतल्या चिठ्ठीवरचा 'उणे दोन' तिथून आलेला आहे.

जपानमध्ये जुन्या गाण्यांना 'नात्सुमेरो' असा शब्दच आहे, म्हणजे आठवणीतल्या धुना. क्यू साकामोतो यांचे 1961 चे गाणे त्यात येते. तेच 'सुकियाकी' या भलत्याच नावाने 1963 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. सुकियाकी हा खरे तर मांसाच्या रश्श्याचा प्रकार. गाण्याशी त्याचा काही संबंध नाही. आज पन्नाशी-साठीत असलेल्या पिढीच्या यादीत 'गोडाइगो' या रॉक बँडचे 1978 चे 'गांधारा' हमखास असते. ते एका दूरचित्रवाणी मालिकेचे समारोपाचे गीत. मालिका चिनी भिक्षू ह्युएन त्संगाच्या भारतयात्रेवरच्या अद्भुत कथेची, आणि गाण्यातला गांधार म्हणजे भारतात कुठेतरी असलेला, सगळी दुःखे जिथे मिटतात असा प्रदेश. खरा ह्युएन त्संग सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, महाराष्ट्रातही येऊन गेला होता. उपकार न विसरणारी आणि अपमानही न विसरणारी माणसे, असे त्याने आपले वर्णन करून ठेवले आहे. दिवसभर कचेरीत राबून रात्री टोकियोतला माणूस ज्या भूमीबद्दल गळा काढतो, ती आपल्याकडचीच निघावी, याची गंमत वाटते. आपल्याकडे उलटे झाले होते: 1966 च्या 'लव्ह इन टोकियो'मध्ये लताबाईंच्या आवाजातून जपान आपल्या घरात आले.

माणसाला उतारवयात सर्वांत ठळक आठवतो तो साधारण दहा ते तीस या वयातला काळ, असे स्मरणाचा अभ्यास करणारे सांगतात. जपानी यादी या हिशेबात चपखल बसते. परभणीची बसत नाही. 1965 साली जन्मलेल्या माणसाने 1980 नंतरची गाणी गायला हवीत. तो मात्र 1955 ते 1975 मध्ये रमलेला असतो, म्हणजे स्वतःच्या जन्माआधीची गाणीही त्याला 'आपल्या काळातली' वाटतात. याचे उत्तर रेडिओत आहे. रेडिओ सिलोनवर 1952 पासून 'बिनाका गीतमाला', 1957 पासून विविध भारती, आणि पुढे 'भूले बिसरे गीत', 'छायागीत'. मराठवाड्यात दूरचित्रवाणी उशिरा आली. तोवर घरातला एकच रेडिओ आणि त्यावर वडिलांच्या पिढीची गाणी पुन्हापुन्हा. मुलांनी ती निवडली नाहीत. अभ्यास करता करता, शेंगा फोडता फोडता ती कानांत गेली. म्हणून इथे आठवण गाण्याच्या सालाची नसते, ते ऐकले त्या ओसरीची असते.

पण ऐकणे वेगळे आणि गाणे वेगळे. परभणीत गाणे कमी नव्हते. भजनी मंडळे होती, सप्ताह होते, तुराबुल हक यांच्या उरुसात कव्वाली होती. चित्रपटगीत मात्र तिथे चालत नसे. ते गायचे तर पेटी-तबलेवाले गोळा करा किंवा ऑर्केस्ट्रात शिरा. घरातल्या बाईला तर स्वयंपाकघरात गुणगुणण्यापलीकडे वाट नव्हती. यंत्राने ही अट काढून टाकली. सभागृहातल्या ज्या बायकांशी मी बोललो, त्यांतल्या बहुतेकींनी पन्नाशीनंतरच पहिल्यांदा चारचौघांत चित्रपटगीत गायले होते. रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज साधारणपणे खाली उतरतो. लताबाईंची पट्टी तेव्हा झेपत नाही. 'उणे तीन' नसते, तर या बायका गप्पच राहिल्या असत्या.

आता हा ट्रॅक बनतो कसा? स्टिरिओ ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज बहुधा मधोमध, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना सारखा असतो. एका बाजूतून दुसरी वजा केली की तो बराचसा नाहीसा होतो. पण आपली जुनी गाणी मोनो. दोन्ही बाजू एकच. वजा केले तर हाती शून्य. म्हणून ती गाणी कुणीतरी कीबोर्डवर पहिल्यापासून पुन्हा वाजवली. व्हायोलिनचा ताफा चार बोटांत आला, मधल्या संगीतातली बासरी कधी चुकली, आणि जाणकार गायक अजून त्यावरून हळहळतात. साधारण 2019 नंतर संगणकाला शिकवून मोनोतूनही आवाज वेगळा काढता येऊ लागला. तबला जरा पातळ होतो, मागे गायकाची सावली राहते, पण काम चालते.

पुन्हा वाजवायचे तर कष्ट पडतात, आणि कष्ट खपाच्या गाण्यावर घेतले जातात. हिंदीचे ट्रॅक ढिगाने मिळतात. मराठीत 'गीत रामायणा'तली ठळक गीते, गाजलेली भावगीते, लावण्या मिळतात. आकाशवाणीवरून एकेकाळी घरोघर पोचलेली पण तबकडीवर न गाजलेली गीते मिळत नाहीत. मंडळात ती कोणी सुचवत नाही. काही वर्षांत ती आठवणारेही उरणार नाहीत, कारण आता आठवण ट्रॅकच्या आधाराने चालते.

दुसरी किंमत लयीची. भजनात बुवा एका ओळीवर थांबला तर पखवाज त्याच्यासाठी थांबतो. ट्रॅक थांबत नाही. पडद्यावर अक्षरे रंग बदलत पुढे जातात, आणि श्वास कमी पडलेला माणूस शब्द गिळून त्यांच्यामागे धावतो. इथे साथ गायकाला होत नाही. गायकच साथीला साथ करतो. ज्यांना कधी साथच मिळाली नाही त्यांना हा सौदा मंजूर आहे, आणि मला तो वावगा वाटत नाही. फक्त तो सौदा आहे हे लक्षात असावे.

हे लिहिताना गंगाखेड मनात येते. संत जनाबाईंचे गाव, याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी. जनाबाईंचे नाव घेतले की जाते आठवतेच. ओवीला वाद्य एकच, दगडाची घरघर, आणि तिची गती गाणारीच्या हातात. दाणे जास्त पडले की जाते जड, ओवी संथ. गी प्वातवॅं आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नातून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या आहेत. त्यांचा ट्रॅक काढायचा म्हटले आणि बाईचा आवाज वजा केला, तर घरघर तेवढी उरेल.

त्या शनिवारी गंगाखेडकडच्या, आमच्या नात्यातल्या एक काकू पाहुण्या म्हणून आल्या होत्या. सगळ्यांनी आग्रह केला. त्या म्हणाल्या, "मला सिनेमाचं येत नाही, ओवी म्हणते."

मुलाने मोबाईलवर शोधले. "काकू, याचा ट्रॅक नाही."

"मग राहू दे की ते."

"पट्टी कोणती ठेवू?"

"मला काय ठाऊक बाबा."

काकूंनी सुरुवात केली. माइकचा प्रतिध्वनी त्यांना खटकला. मुलाने तो बंद केला. दुसऱ्या ओळीला मागच्या रांगेतल्या दोघीजणी मिळाल्या, तिसरीला काकू मध्येच थांबून खोकल्या, पाणी प्यायल्या आणि तिथूनच पुढे गेल्या. पडद्यावर आधीच्या गाण्याचे शेवटचे कडवे तसेच अडकून राहिले होते. त्या खाली बसल्यावर मुलगा वही घेऊन जवळ आला. कार्यक्रमाच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढे वेळ लिहावी लागते.

"काकू, किती मिनिटांची आहे ही?"

"दळण किती आहे त्यावर," काकू म्हणाल्या.