डेट्रॉइटच्या गृहिणींची फळी

महामंदी आली तेव्हा डेट्रॉइटच्या कारखान्यांनी कृष्णवर्णीय कामगारांना सर्वांत आधी घरी बसवलं. त्यांच्या पगारावर चालणारी वस्तीतली दुकानंही डबघाईला आली. जून 1930 मध्ये बेथेल चर्चच्या पाद्र्यांच्या पत्नी फॅनी पेक यांनी 50 बायका जमवून ‘हाउसवाइव्ज लीग’ उभी केली. दुकानदारांची संघटना त्यांच्या पतींनी त्याच वर्षी काढली होती. पण गिऱ्हाईकच नसेल तर दुकानदारांनी एकत्र येऊन करायचं काय? पेकबाईंनी नेमकं हे हेरलं. घरखर्चाचा पैसा बाईच्या हातात, तर तो कुठे खर्च करायचा हेही तिनेच ठरवायचं.

सभासद होणारी बाई शब्द द्यायची: किराणा आपल्या, म्हणजे कृष्णवर्णीय, माणसाकडून, डॉक्टर-वकीलही आपलेच. भागाभागात गट होते. कुठे कोणाचं दुकान आहे, तिथे कोणता माल मिळतो, याची माहिती त्या गोळा करत आणि घरोघरी पोहोचवत. माझ्या मते लीगची खरी ताकद या पायपिटीत होती. 1934 पर्यंत सभासदसंख्या 10,000 वर गेली आणि अमेरिकेतल्या इतर शहरांतही अशा लीग निघाल्या.