शिकाऱ्याच्या खिशातले उपग्रह

अमेरिकेत मोंटाना, वायोमिंग, कोलोरॅडोकडे पानगळ सुरू झाली की परवानाधारक शिकारी एल्कच्या मागावर डोंगरात शिरतात. एल्क म्हणजे तिकडचं सांबरासारखं दणकट हरीण. या शिकाऱ्यांच्या खिशातला हँडहेल्ड जीपीएस सावज शोधून देत नाही. अंधार पडल्यावर गाडीपाशी परत आणणं आणि पाय कुणाच्या जमिनीवर आहे ते सांगणं, ही त्याची खरी कामं. माझ्या मते निवडही याच दोन कसोट्यांवर करावी.

बाजारात आलेला पहिला हँडहेल्ड म्हणजे 1989 चा मॅजेलन नॅव्ह 1000. वजन सुमारे पाऊण किलो, किंमत जवळपास 3,000 डॉलर! त्यात नागरी वापराचे सिग्नल अमेरिकी सरकार मुद्दाम बिघडवून सोडायचं, त्यामुळे चूक 100 मीटरपर्यंत जायची. ही अडवणूक उठल्याची घोषणा झाली 1 मे 2000 रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनी. तिसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकाने जंगलात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि ‘जिओकॅशिंग’ हा खेळ जन्माला आला.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर. जागा ठरते ती त्यांच्या सिग्नलच्या वेळेवरून. त्यांची घड्याळं आपल्यापेक्षा रोज 38 मायक्रोसेकंद पुढे पळतात. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार ती आधीच जुळवून घेतली नसती, तर एका दिवसात दहा किलोमीटरची गफलत झाली असती.

आता खरेदी. बर्फात हातमोजे काढवत नाहीत, म्हणून टचस्क्रीनपेक्षा बटणं बरी. थंडीत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या लवकर मान टाकतात. एए आकाराच्या लिथियम बॅटऱ्या उणे 40 अंशांपर्यंत चालतात, म्हणून सेल बदलता येणारं यंत्र घ्या. इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आहे ना, हेही बघा. ते नसेल तर उभ्या जागी दिशा कळत नाही, चार पावलं चालावं लागतं. यंत्र कमरेला लटकवू नका. आपलंच शरीर अर्धं आकाश झाकतं. आणि गाडीतून उतरल्या उतरल्या पहिली खूण गाडीचीच करा. ही एक सवय लागली की निम्मी काळजी मिटली.

कुत्र्यांचीही सोय आहे. गार्मिनच्या ‘अ‍ॅस्ट्रो’ मालिकेत पट्टा कुत्र्याच्या गळ्यात आणि पडदा मालकाच्या हातात. कुत्रा पळतोय, पक्ष्यासमोर थबकलाय की झाडावर चढलेल्या जनावराखाली उभा आहे, हे मैलोन् मैल दूर असतानाही दिसतं.

सगळ्यात रंगतदार प्रकरण मात्र जमिनीचं. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना रुळांलगतचे मैल-मैलाचे चौकोन एकाआड एक दिले गेले. त्यामुळे वायोमिंगमधल्या त्या पट्ट्याचा नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा आहे: एक घर सरकारी, शेजारचं खासगी. सरकारी घरातून कोपऱ्याला कोपरा लागलेल्या दुसऱ्या सरकारी घरात जाता येतं का? 2021 मध्ये मिझुरीच्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ चक्क शिडी नेली. कोपऱ्यावरचे खांब ओलांडेल अशी ती उभी केली आणि खासगी मातीला पाय न लावता पलीकडे उतरले. कोपरा त्यांनी शोधला होता ‘ऑनएक्स’ या अ‍ॅपवर. ही कंपनी 2009 मध्ये मोंटानात जीपीएससाठी जमीनमालकीचे नकाशे बनवण्यातूनच उभी राहिली. जमीनमालकाने लाखो डॉलरचा दावा ठोकला. पुराव्यात शिकाऱ्यांपैकी एकाची ‘ऑनएक्स’वरची ‘वेपॉइंट 6’ ही खूण पुढे आली, कारण ती खासगी हद्दीत पडली होती. पण खूण नकाशावर बोटाने कुठेही टाकता येते. माणूस तिथे गेलाच होता, हे तिच्यावरून ठरत नाही. 2022 मध्ये अतिक्रमणाच्या फौजदारी खटल्यात ज्युरीने चौघांना निर्दोष सोडलं आणि मार्च 2025 मध्ये जमीनमालकाच्या दाव्यात अपील न्यायालयानेही त्यांच्याच बाजूने कौल दिला. सामान्य माणसाला सार्वजनिक जमिनीची वाट मोकळी करणारा हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा प्रश्न मिटवला आहे, पण सह्याद्रीतल्या भटक्यांना बटणं, बॅटरी आणि पहिली खूण हे धडे जसेच्या तसे लागू पडतात. एक इशारा मात्र अमेरिकेहून सुटीला येणाऱ्यांसाठी: उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी ‘इनरीच’सारखी यंत्रं भारतात परवान्याशिवाय चालत नाहीत. गोव्याच्या विमानतळावरही ती बाळगणारे परदेशी पाहुणे अडकले आहेत. ते यंत्र घरीच ठेवून या.