अनुदान छोटे, जाब मोठा

म्हातारा माणूस घराबाहेर पडेनासा झाला की लोक म्हणतात, वय झाले. पण न्हाणीत धरायला दांडी नाही, दारातली पायरी उंच, रस्त्यावर सायकलला जागा नाही, हा काय वयाचा दोष?

अमेरिकेत एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त मुख्याध्यापिकेने १९५८ साली 'एएआरपी' ही ज्येष्ठांची संघटना उभी केली. २०१७ पासून ती स्थानिक संस्थांना व नगरपालिकांना अशा कामांसाठी अनुदाने देते. काही तर अवघी २,५०० डॉलरची! त्यातून कुठे घरात दांड्या बसतात, उजेड वाढतो. कुठे रहिवासी स्वतः सायकलवरून फिरून धोक्याच्या जागा नोंदवतात.

एवढ्या पैशात रस्ता होत नाही, हे खरेच. पण नोंद होते, आणि नोंद हाती असली की नगरपालिकेला जाब विचारता येतो.

मात्र अनुदान अर्ज करणाऱ्यालाच मिळते. ज्या गरीब वस्तीत अर्ज लिहिणारी संस्थाच नाही, तिथल्या म्हातारीने घसरून पडतच राहायचे काय? म्हणून अनुदान जरूर घ्यावे, पण त्यावर समाधान मानू नये. सुरक्षित रस्ता आणि सुरक्षित घर ही कुणाची मेहेरबानी नाही. तो नागरिकाचा हक्क आहे, आणि तो मागूनच घ्यावा लागतो.