जीवनसत्त्वाची गोळी आणि कर्करोग

भाज्या व फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, हे संशोधकांच्या पूर्वीच ध्यानात आले होते. अशा लोकांच्या रक्तात बीटा-कॅरोटीनही अधिक सापडे. मग तेच द्रव्य गोळीतून दिले तर? तर्क सरळ होता. त्यात धोका असेल असे सहसा कोणाला वाटले नाही.

फिनलंडमध्ये १९८५ पासून ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर तो पडताळून पाहण्यात आला. कोणाला रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, कोणाला ई जीवनसत्त्व, कोणाला दोन्ही, तर कोणाला औषध नसलेली नुसती गोळी. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला तर नव्हताच. उलट १८ टक्क्यांनी अधिक होता. एखादा योगायोग म्हणून हे सोडून देता आले असते. परंतु अमेरिकेतील दुसऱ्या चाचणीत, धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले अशा १८,३१४ जणांतही हेच दिसले. तेथे वाढ २८ टक्के होती. जानेवारी १९९६ मध्ये गोळ्या मुदतीआधीच थांबवण्यात आल्या.

भाजीत हे द्रव्य एकटे नसते आणि इतक्या मोठ्या मात्रेतही नसते. धुराने पोळलेल्या फुप्फुसात त्याचे वर्तन बदलत असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. धूम्रपान करणाऱ्याने गोळीच्या भरवशावर राहणे म्हणजे आगीवर तेल ओतणेच.

ई जीवनसत्त्वाचीही कथा फार वेगळी नाही. त्याच्या मोठ्या मात्रेने पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये आढळले. (त्याच्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, हेही आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे.) १४,६४१ पुरुष डॉक्टरांच्या एका चाचणीत साध्या मल्टिव्हिटॅमिनने कर्करोग ८ टक्क्यांनी कमी झाला, हे खरे, पण लाभ अल्पच.

गाजर कंदमूळ म्हणून वर्ज्य असलेल्या घरांनी बीटा-कॅरोटीनची चिंता करू नये. लाल भोपळा, पालक, मेथी, शेवग्याचा पाला, पपई व आंबा यांत ते मुबलक असते.

बी-१२ ची गोष्ट मात्र निराळी. शाकाहारी व्यक्तींत त्याची कमतरता वारंवार आढळते. ती भरून काढण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी वरील चाचण्यांचे नाव सांगून बंद करू नये.