आमसुलातील आम्ले आणि दर्शकाची साक्ष

जुन्या दप्तरांत सुपे या नावाने नोंदलेल्या जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या खोऱ्यातील दाट रानात, भिरंड म्हणजे कोकम विपुल आहे. आणि त्याच्या आगळात हायड्रॉक्सिसायट्रिक, मॅलिक, सायट्रिक अशी अनेक आम्ले एकत्र नांदत असल्यामुळे अनुमापनाविषयीच्या रूढ समजुतींची कसोटी येथे चांगली लागते.

सर्वांत दृढ समजूत अशी की, मिथिल ऑरेंजने तीव्र आम्ल मोजावे, फिनॉल्फ्थॅलिनने एकूण, आणि वजाबाकी करताच मिश्रणाचा हिशेब चुकता व्हावा. वस्तुतः दर्शकाला आम्लाची ओळखच नसते. द्रावणाचा सामू अमुक टप्पा ओलांडून गेला, एवढीच त्याची साक्ष. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या सामूंच्या दरम्यान पालटते, आणि ४.४ येईपर्यंत हायड्रोक्लोरिकसोबतच्या ॲसिटिक आम्लाचाही सुमारे ३० टक्के भाग उदासीन झालेला असतो. याउलट हायड्रोक्लोरिक व फॉस्फरिक यांची जोडी पाहावी : ब्रोमोक्रेसॉल ग्रीनच्या पालटापाशी पहिल्याचे सर्व आम्ल आणि दुसऱ्याचा पहिला हायड्रोजन संपतो, तेथून थायमॉल्फ्थॅलिन निळे होईपर्यंत फॉस्फरिकचा दुसरा, म्हणून या उत्तरार्धात लागलेल्या अल्कलीवरून फॉस्फरिक, आणि तेवढीच पूर्वार्धातून वजा करता हायड्रोक्लोरिक, असा निवाडा निघतो. दोन टप्प्यांच्या विघटनस्थिरांकांत साधारण १०,००० पटींचे अंतर असले, तरच ही फाळणी टिकते.

आगळात ते अंतर नाही. सायट्रिकचे तीन हायड्रोजन ३.१, ४.८ व ६.४ या सामूंच्या आसपास, मॅलिकचे दोन ३.४ व ५.१ च्या आसपास सुटतात. सारे टप्पे एकमेकांत मिसळतात आणि अखेरीस एकच उडी उरते. दोन कुळांनी एकत्र भरलेल्या साऱ्यावरून प्रत्येकाचा हिस्सा ठरवण्यासारखाच हा प्रकार. हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचे लॅक्टोनरूप तर अल्कलीत सावकाश उघडते, त्यामुळे आलेली गुलाबी छटा पुन्हा फिकी पडते, आणि अननुभवी विद्यार्थी उगाच ब्युरेटवर संशय घेतो.

अंतिम बिंदू ७ सामूवरच यावा, हाही भ्रमच. सौम्य आम्लासाठी तो ८ च्या पुढे, फिनॉल्फ्थॅलिनच्या प्रदेशात येतो. शिवाय आगळाचा लाल रंग स्वतःच सामूनुसार पालटणारा असल्याने, रस पुष्कळ पातळ करावा किंवा सामूमापक वापरावा. ‘सायट्रिक आम्लाच्या रूपात’ लिहिलेली आम्लता हा सर्व आम्लांच्या बेरजेचा सोयीचा दाखला असतो. प्रत्येकाचे प्रमाण हवे असल्यास वर्णलेखनाचाच आश्रय घ्यावा लागतो.