गुब्बिओच्या चुनखडकातील चुंबकीय नोंद

समुद्राच्या तळाशी गाळ साचत असताना त्यात मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांचे अतिसूक्ष्म कणही बसत जातात. गाळ ओला आणि सैल असेपर्यंत हे कण होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून वळतात. वरच्या थरांच्या भाराने पाणी निघून गाळ घट्ट झाला, की त्यांची दिशा कायमची ठरते. ही दिशा वाचण्याच्या शास्त्राला पुराचुंबकत्व म्हणतात. मध्य इटलीत गुब्बिओ गावाजवळच्या घळीतील ‘स्काल्या रोस्सा’ हा चुनखडक त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. त्याचा गुलाबी रंग हेमॅटाइटचा.

नमुना काढण्याचे काम दिसायला साधे, पण सगळी मदार त्यावरच. पेट्रोलवर चालणाऱ्या हातड्रिलला हिऱ्याचे कण बसवलेली पोकळ नळी लावून, पाणी सोडत, खडकात सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल कोरतात. तो बुंध्यापाशी तोडण्यापूर्वी त्यावर फट असलेली, चुंबकीय नसलेल्या धातूची नळी सरकवली जाते. नळीवरच्या होकायंत्राने दिशा व कोनमापकाने कल टिपून फटीतून पितळी तारेने दंडगोलावर रेघ मारतात. रेघ मारण्याआधीच दंडगोल भोकात फिरला, तर नमुना वाया गेला. दगड शाबूत असला तरी दिशा हरवलेली असते. थरांचा कलही तिथेच मोजावा लागतो, कारण ॲपेनाइन पर्वत उचलला जाताना हे थर तिरपे झाले आणि हिशेबात ते पुन्हा आडवे करायचे असतात.

चुनखडकाचे चुंबकत्व फारच क्षीण असते. शिवाय मूळ नोंदीवर नंतरच्या काळातील क्षेत्राचा ठसा चढलेला असतो. तो उतरवण्यासाठी नमुना बाहेरील क्षेत्रापासून अलग ठेवलेल्या भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवतात आणि दर टप्प्याला थंड करून मोजतात. सुरुवातीला दिशा भरकटते, कारण वरवरचा ठसा आधी निघून जातो. पुढे ती स्थिरावते आणि चुंबकत्व त्याच रेषेत शून्याकडे उतरत जाते. ही स्थिर दिशा मूळची मानतात. मॅग्नेटाइट सुमारे 580 अंश सेल्सिअसला चुंबकत्व पूर्ण गमावतो, हेमॅटाइट सुमारे 675 अंशांना.

मूळ दिशा क्षितिजाशी जो कोन करते, ती नती. नतीचा टॅन अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट असतो. त्यामुळे 49 अंश नती आढळली, तर तो गाळ सुमारे 30 अंश अक्षांशावर साचला असे समजते. रेखांश मात्र यातून कळत नाही. गाळ दबताना कणही चपटे पडतात व अक्षांश खरा असतो त्यापेक्षा कमी भरतो, ही दुरुस्ती विसरून चालत नाही.

भूवैज्ञानिक वॉल्टर अल्वारेझ आणि विल्यम लॉरी 1970च्या दशकात गुब्बिओला गेले, ते इटलीचा भूभाग किती फिरला हे शोधायला. पर्वत घडताना खडकांचे तुकडे स्वतंत्रपणे वळले असल्याने तो हिशेब काही जमेना. हाती लागले ते अधिक मोलाचे निघाले: थरामागून थर कधी सुलट, कधी उलट चुंबकत्वाचे होते. पृथ्वीचे क्षेत्र अनेकदा पालटलेले आहे. शेवटचे पालटणे सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वीचे. एकटा उलट थर वय सांगत नाही, कारण सगळे उलट थर सारखेच. पण लांब-आखूड पट्ट्यांचा क्रम सागरतळाच्या खडकांतील तशाच सुलट-उलट चुंबकीय पट्ट्यांशी जुळला, आणि गुब्बिओच्या थरांत सूक्ष्म जीवाश्म असल्याने सागरतळाच्या त्या पट्ट्यांनाही वय मिळाले.

क्रिटेशियस काळ संपल्याची, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची सीमा इथे जेमतेम सेंटिमीटरभर जाडीच्या चिकणमातीत आहे. ती ‘29 आर’ या उलट कालखंडात पडते. हा कालखंड दहा लाख वर्षांहून लहान आहे. पश्चिम घाटातील दख्खनच्या बेसाल्ट थरांचा मोठा भाग त्याच कालखंडात ओतला गेला, हे ठरवण्यातही चुंबकत्वाच्या मोजमापाचा वाटा आहे.